तीन मिनिटं बावीस सेकंद

"थांबवा ते," चौबळ म्हणाले. "हा टॉलिव्हर नाही."

फिंच अंकलनी रेकॉर्डवरची सुई उचलून बाजूला ठेवली. खोलीत आम्ही पाच माणसं होतो, आणि माझ्याशिवायची चारही माणसं एकदम माझ्याकडं बघायला लागली. चौबळांची नि माझी ओळख होऊन जेमतेम तास झाला होता. तेसुद्धा बघत होते.

"मी काय केलं?" मी म्हणालो.

"तेच विचारतोय," हनीफभाई म्हणाले.

हनीफभाई पस्तीस वर्षं तिकीट चेकर होते. नोकरी संपली तरी नजर काही रिटायर झाली नव्हती. समोरचा माणूस विनातिकीट आहे असं धरूनच ते बोलायला सुरुवात करायचे. पण एकट्या त्यांना नावं ठेवून उपयोग नाही. दौंडात कुठंही काही उलटंसुलटं झालं की लोक आधी माझ्या दुकानाकडं बघायचे, आणि दहातल्या आठ वेळा बरोबर असायचे. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये हौजी रंगात आली असताना भिंतीवरच्या मेलेल्या इंग्रज साहेबाच्या फोटोतून "फुल हाऊस" असा आवाज आला होता. फोटोमागचा स्पीकर माझा. फिंच अंकलच्या दाराची बेल मी एकदा त्यांच्या आरामखुर्चीला जोडली होती. अंकल बसले की बेल वाजायची. उठून दार उघडलं की कोणी नाही. परत येऊन बसले की परत बेल. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोला, म्युरिएल आंटीला, खुर्चीखालची वायर दिसली. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. अंकल बाहेर झाडांना पाणी घालत होते, तेव्हा ती स्वतः जाऊन खुर्चीत बसली, आणि अंकल पाण्याची झारी टाकून दाराकडं पळाले. आठवडाभर ती रोज बसत होती म्हणे.

हे अठ्ठ्याण्णव सालचं. मी अठ्ठावीस वर्षांचा, स्टेशनाबाहेर रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. नाव दिगंबर काळभोर, पण अंकलच्या तोंडी ते 'डिगी'.

फिंच अंकल अँग्लो-इंडियन, इंजिन ड्रायव्हर. आधी वाफेवर, मग डिझेलवर. त्यांचं मराठी फायरमन लोकांकडून शिकलेलं, त्यामुळं शिव्या एकदम शुद्ध आणि बाकीचं व्याकरण भलतीकडंच. माणूस मोठा कानाचा होता. डोळे मिटून गाडीत बसवलं तरी रुळांच्या सांध्यांचे खटके ऐकून सांगायचा, आता गाडी बावन्नवर आहे, आता अठ्ठेचाळीसला आली. हनीफभाईंनी दोनदा पैज लावली, दोनदा हरले.

अमेरिकन डिझेल इंजिनं नवीन होती तेव्हा त्यांच्यासोबत हॉलिस नावाचा एक इंजिनिअर आला होता. त्याची आणि अंकलची दोस्ती झाली. बाहत्तर साली परत जाताना तो आपलं रेकॉर्ड प्लेअर अंकलना देऊन गेला, सोबत चार रेकॉर्डी. चारही एझ्रा टॉलिव्हरच्या. चर्चमध्ये देवाची गाणी म्हणता म्हणता हा माणूस त्याच सुरात, त्याच तळमळीनं बायकोची, भाकरीची गाणी म्हणायला लागला, आणि त्या गाण्याला तिकडं सोल म्हणतात, आणि ते पहिल्यांदा करणाऱ्यांतला हा एक, असं हॉलिसनं सांगितलेलं. पुढं दर ख्रिसमसला तो पोस्टानं एकेक रेकॉर्ड पाठवत गेला. नवव्या रेकॉर्डनंतर हॉलिस वारला आणि पार्सल यायचं थांबलं.

दर रविवारी दुपारी साडेतीनला अंकलकडं आमची बैठक. एका रविवारी एक रेकॉर्ड, नऊ रविवारात टॉलिव्हर पुरा, दहाव्याला पुन्हा पहिली. इंग्रजी आम्हाला कळायचं निम्मं. म्हणून हनीफभाईंनी गाण्यांना आपली नावं ठेवलेली. एक 'घाटातलं', एक 'पाण्याच्या टाकीचं', एक 'सासऱ्याचं'. पहिल्या रेकॉर्डमध्ये टॉलिव्हर एक ओळ टाकतो आणि मागच्या बाया ती उचलून परत देतात, अगदी आपल्या भजनात बुवा आणि टाळकरी असतात तसं. सहाव्यात कंपनीनं मागं वीसेक व्हायोलिनं बसवली, तर हनीफभाई म्हणाले, "याला कुणीतरी भाड्याचा सूट घातलाय." नवव्यात नुसता एक ऑर्गन आणि तो. तिथं त्याचा आवाज इतका खाली जायचा की आंटीच्या कपाटातल्या काचेच्या बशा थरथरायच्या.

आवाज म्हणजे काय सांगू. जड मालगाडी चढ चढावी तसा. एकेक शब्द ओढत आणायचा. आम्हाला वाटायचं, याच्या घरात दर सहा महिन्यांनी कुणीतरी मरत असणार. कव्हरवर मात्र एक काडीसारखा पोरगेला माणूस बत्तिशी काढून हसत होता. हनीफभाईंचा पहिल्यापासून संशय, की फोटो दुसऱ्याचाच छापलाय.

आणि एक सांगायचं राहिलं. चौथ्या रेकॉर्डचं तिसरं गाणं, त्याचं नाव 'आंटीचं गाणं'. आंटीचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. पायाला लोखंडी पट्टी, हातात काठी. इन्स्टिट्यूटच्या डान्सला ती कधी जायची नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "तो बँड मला झेपत नाही." पण चौथ्या रेकॉर्डचा रविवार आला आणि तिसरं गाणं लागलं, की अंकल उठून हात पुढं करायचे, आंटी काठी खुर्चीला टेकवायची आणि दोघं खोलीत नाचायची. एक पाऊल, मग पट्टीचा बारीक आवाज, मग दुसरं पाऊल. हनीफभाई पंख्याकडं बघायचे. मी माझ्या चपलांकडं.

तर असं चालू असताना पुण्याहून चौबळांचं पत्र आलं. बँकेत अधिकारी, पन्नाशीचा माणूस. टॉलिव्हरनं आयुष्यात जे जे ध्वनिमुद्रित केलं त्याची समग्र यादी बनवत होते. देशभरातले रेकॉर्ड गोळा करणारे लोक महिन्याला एक पत्रक काढायचे, त्यात ती छापून येणार होती. त्यांच्याकडं नवातल्या तीन. नऊच्या नऊ दौंडात एका ड्रायव्हरकडं आहेत हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं.

अंकलनी त्या रविवारी टाय बांधला. आंटीनं केक केला. हनीफभाई म्हणाले, "बघू द्या, काय कागद आहेत त्याच्याकडं."

चौबळ आले, बसले, खिशातून एक कॅसेट काढली. स्वतःच्या चौथ्या रेकॉर्डवरून भरलेली. दोन्ही प्रती ताडून बघायच्या होत्या त्यांना. अंकलकडं टेप नव्हता, म्हणून मी दुकानातून आणलेला. आधी कॅसेट लावली.

तीच गाणी, तेच शब्द. पण आवाज कोवळा, उंच आणि टणाटण उड्या मारत चाललेला. ड्रमवाला तर मागं कुत्रं लागल्यासारखा. तिसरं गाणं आलं. आंटीचं. माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला, आणि मी तो दाबून धरला, कारण आंटी चहाचा कप हातात घेऊन जिथल्या तिथं थांबली होती.

मग अंकलची रेकॉर्ड लावली, आणि पहिल्याच कडव्यात चौबळ म्हणाले, हा टॉलिव्हर नाही.

"टेप कुणाचा?" हनीफभाईंनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं.

"माझा. पण टेप चांगला आहे."

"तू आणलेला आहे आणि चांगला आहे. दोन्ही कसं?"

"हनीफभाई, आईच्यान सांगतो."

"मागच्या वेळी बापाची शपथ घेतली होतीस."

अंकल माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "डिगी, खरं बोल मॅन. टेपला तू काय केला?"

"काही नाही केलं, अंकल."

"शांत व्हा," चौबळ म्हणाले. "टेपचा संबंध नाही. हीच कॅसेट माझ्या घरी अशीच वाजते. माझी रेकॉर्ड अस्सल आहे, मागं कंपनीचा शिक्का आहे. गडबड या तुमच्या प्रतीत आहे. पट्टी वेगळी, ठेका वेगळा, आवाज वेगळा. त्या काळात छोट्या कंपन्या हे करायच्या. गाजलेली गाणी कुठल्यातरी नकली गायकाकडून गाऊन घ्यायच्या आणि तेच कव्हर घालून बाहेर विकायच्या. माझा हा जुना सिद्धान्त आहे. आज पुरावा मिळाला."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मला तिथंच शंका आली. पाहुणा केक खाऊन घरमालकाच्या रेकॉर्डी खोट्या ठरवतो आणि वर खूश होतो, म्हणजे काय? कॅसेट मुद्दाम वेग वाढवून भरली असेल? उद्या परत येऊन म्हणायचं, तशाही नकलीच आहेत, देऊन टाका? मी त्यांच्या बोटांकडं बघितलं. कव्हर इतकं जपून धरलं होतं की चोर वाटत नव्हता. पण मीसुद्धा बेल जोडताना खुर्चीला फार जपलं होतं.

"म्हणजे माझा फ्रेंड हॉलिसनं मला डुप्लिकेट माल दिला," अंकल म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"त्यांनाही माहीत नसेल कदाचित. पण यादीत मला लिहावं लागेल. दौंडचा संच, नकली."

छापून येणार. मेलेल्या दोस्ताचं नाव, सव्वीस वर्षांचे रविवार, सगळं एका ओळीत नकली. अंकलनी टायची गाठ सैल केली.

"नऊच्या नऊ?" आंटीनं विचारलं.

"आता सगळ्याच तपासाव्या लागतील."

बघा माझी काय गोची झाली ती. मी निर्दोष, तर रेकॉर्डी खोट्या. रेकॉर्डी खऱ्या, तर मी हरामखोर. आणि सगळ्यांना यातलं दुसरंच हवं होतं.

"अंकल," मी म्हणालो, "प्लेअर उघडून बघतो एकदा. आत काहीतरी असेल."

"नो." इतक्या झटकन म्हणाले की मीच दचकलो. "मशीनला कोणी हात लावायचा नाही. तू तर नाहीच." आणि खुर्ची ओढून प्लेअरला टेकून बसले.

तसं ते मशीन मी कधीच उघडलेलं नव्हतं. तेलपाणी, रबर, साफसफाई, सगळं अंकल स्वतः करायचे. ड्रायव्हर आपल्या इंजिनाला दुसऱ्याचा पाना लावू देत नाही, असं म्हणायचे. मी फक्त सुया आणून द्यायचो. तरी त्या दिवशी लागलं मला. सहा वर्षं या घरात चहा पिऊन एवढासुद्धा भरवसा नाही.

आंटीनं मला आत बोलावलं, बशा उचलायला. हळूच म्हणाली, "डिगी, त्या माणसाची गाडी किती वाजता?"

"सव्वासहाची पॅसेंजर."

"चुकू देऊ नकोस."

बाहेर येऊन मी हनीफभाईंचं घड्याळ मागितलं. रेल्वेच्या टायमाला लावलेलं, सेकंदकाट्याचं.

"कशाला?"

"पाहुण्यांची गाडी."

"परत देशील ना?"

"हनीफभाई, तुमच्यासमोर बसलोय."

चौबळ आता वहीत एकेक गाणं उतरवून घेत होते. रेकॉर्डच्या मधल्या कागदावर छापलेलं असतं ते मोठ्यानं वाचत, लिहीत. "बाजू पहिली. गाणं तिसरं. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद." वाचून रेकॉर्ड त्यांनी परत चकतीवर ठेवली.

आंटी पदर खोचावा तशी फ्रॉकची बाही सारखी करत म्हणाली, "तेच लाव, डेस्मंड. आज आपला चौथ्याचा रविवार आहे. पाहुणे आले म्हणून कशाला सोडायचा?"

अंकलनी सुई ठेवली. हात पुढं केला. आंटीनं काठी खुर्चीला टेकवली.

चौबळांना हे नवीन होतं. त्यांनी पेन मिटलं. हनीफभाईंनी पंखा धरला. मी चपलांकडं बघायचं सोडून घड्याळाकडं बघत होतो, काहीतरी चाळा म्हणून. एक पाऊल, पट्टीचा आवाज, दुसरं पाऊल. गाण्यात एक जागा आहे, टॉलिव्हर ओळ अर्धी सोडून श्वास घेतो. तिथं अंकल आंटीला गोल फिरवायचे. तिला वळायला वेळ लागायचा, आणि टॉलिव्हर तिच्यासाठी थांबल्यासारखा थांबायचा. तासाभरापूर्वी कॅसेटवर ती जागा टिचकी वाजवावी तशी येऊन गेली होती.

गाणं संपलं. घड्याळात तीन मिनिटं बावीस सेकंद झाले होते.

मी परत मोजलं, मनात. छापलंय दोन अठ्ठेचाळीस. वाजलं तीन बावीस.

मी उठलो. "वायर सैल वाटतेय," असं म्हणत प्लेअरच्या मागं वाकलो. अंकलनी मान वळवून बघितलं, पण आंटी त्यांच्या हाताला धरून होती. मागं पत्र्याची एक पट्टी होती, सहा वर्षं बघितलेली. ११७ व्होल्ट, ६० सायकल. मी दरवेळी पहिला आकडा वाचायचो. अमेरिकन मशीनला आपला करंट जास्त होतो, म्हणून खाली हा भला मोठा ट्रान्सफॉर्मर ठेवलाय, झालं काम. पण ट्रान्सफॉर्मर करंटचा जोर कमी करतो, त्याची लय बदलत नाही. तिकडचा करंट सेकंदाला साठ ठोके देतो, आपला पन्नास, आणि मोटर ठोक्यावर फिरते. साठच्या जागी पन्नास. सव्वीस वर्षं हे मशीन सहाव्या हिश्शानं हळू फिरत होतं.

रेकॉर्डी अस्सल. कॅसेट अस्सल. मी निर्दोष. फोटोतला काडीसारखा पोरगा तोच टॉलिव्हर, आणि तो रडत नव्हताच. नऊच्या नऊ रेकॉर्डी तो हसत होता, आणि आम्ही दौंडात बसून त्याचं सुतक पाळत होतो.

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर खोटा आळ आला होता आणि पुरावा माझ्या हातात होता. हनीफभाईंचं तोंड कसं होईल ते मी डोळ्यापुढं बघून घेतलं. उठलो, तोंड उघडलं.

आंटी खुर्चीत बसली होती. धाप लागलेली, गाल लाल झालेले, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. घाम पुसत चौबळांना म्हणाली, "साहेब, नकली असेल तुमचा टॉलिव्हर. पण मी दुनियेतल्या एकाच गाण्यावर नाचू शकते, आणि ते हे आहे."

चौबळ खाली बघायला लागले. अंकल माझ्याकडं बघत होते. एकटक.

"मीच केलं," मी म्हणालो.

कुणाला कळलंच नाही आधी.

"टेप. काल दुकानात मोटर फास्ट करून ठेवली. म्हटलं, पुण्याचा माणूस येतोय, जरा गंमत."

"बघा," हनीफभाई म्हणाले. "मी पहिल्या मिनिटाला ओळखलं होतं."

"पण माझ्या घरी पण अशीच वाजते ही कॅसेट," चौबळ म्हणाले.

"घरचा प्लेअर किती वर्षांचा?"

"पंधरा."

"मग पळतच असणार. त्या मॉडेलचा पट्टा घट्ट होतो म्हाताऱ्यासारखा. बघून घ्या गेल्यावर." मी मॉडेल विचारलंसुद्धा नव्हतं. पट्टा जुना झाला की ढिला होतो, घट्ट नाही. पण चौबळ यादीवाले होते, कव्हरच्या मागचं सगळं पाठ, मोटरचं काही नाही.

खिशातला बारका स्क्रूड्रायव्हर काढून मी टेपचं मागचं झाकण उघडलं. मोटरच्या बुडाला एक भोक असतं, त्याच्या आत वेग ठरवायचा स्क्रू. "अंकल, रेकॉर्ड लावा," म्हणालो. अंकलनी लावली. मी कॅसेट लावली, तीच जागा पकडली आणि स्क्रू हळूहळू मागं फिरवायला लागलो. खोलीत दोन टॉलिव्हर गात होते, एक पोरगा पुढं पळतोय आणि एक बाप्या मागून चाललाय. फिरवत गेलो तसा पोरगा दमत गेला, जड होत गेला, आणि एका क्षणी बाप्यात मिसळून गेला. एकच आवाज. कपाटातल्या बशा थरथरल्या.

चौबळांनी पेन उघडलं. मग त्यांनी वहीतली एक ओळ खोडली. "माझी पंधरा वर्षं," ते म्हणाले, "चुकीच्या वेगानं गेली."

मला जरा वाईट वाटलं. जरा. बाकी पोटात हसू इतकं साचलं होतं की मी दाढा आवळून बसलो होतो.

"गेट आऊट, डिगी," अंकल म्हणाले. "माझ्या फ्रेंडच्या नावावर घाण टाकायला लावला तू. रविवारी येऊ नको."

मी टेप काखोटीला मारून निघालो. दारात वळून बघितलं. अंकल माझ्याकडं पाठ करून उभे होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रागानं.

महिन्यानं चौबळांचं पत्रक आलं. 'दौंडचा संच अस्सल व उत्तम अवस्थेत.' सोबत मला वेगळी चिठ्ठी: पुण्याच्या मेकॅनिकनं प्लेअर हळू करायला आधी नकार दिला, मशीन ठीक आहे म्हणाला, पण मी हट्टानं करून घेतला. टॉलिव्हर आता खरा कळतोय. मी ती चिठ्ठी दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवली. कुणी विचारलं तर सांगता येत नव्हतं, हेच वाईट.

पाचव्या रविवारी अंकलनी हनीफभाईंना पाठवून मला बोलावलं. विषय निघाला नाही. आंटीनं केकचा मोठा तुकडा दिला.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये अंकल गेले. आंटी भाचीकडं नागपूरला राहायला निघाली, सामान बांधताना मला निरोप आला. "प्लेअर आणि रेकॉर्डी तुझ्या," म्हणाली. "डेस्मंडनं तसं सांगून ठेवलंय."

मशीन उचलण्याआधी आतली चकती बांधावी म्हणून मी पहिल्यांदाच ते उलटं करून खालची फळी काढली. मोटरशेजारी चिकटपट्टीनं एक पुडी लावलेली होती. आत पितळेची एक छोटी पुली. तिच्यावर ठोकलेलं: ५०. म्हणजे आपल्या करंटसाठीचीच, मशीनबरोबर आलेली. बसवली की चकती बरोबर वेगानं फिरणार. मला वाटलं, बिचाऱ्यांना कळलंच नाही ही कशासाठी आहे ते. मग तिच्यातल्या स्क्रूचं डोकं बघितलं. घासलेलं होतं. पुली एकदा बसवलेली होती आणि नंतर काढलेली होती.

पुडीचा कागद ड्रायव्हर लोकांच्या रनिंग रूममधल्या मेमोचा. त्यावर शिसपेन्सिलनं अंकलच्या अक्षरात तारीख, डिसेंबर बाहत्तर, आणि खाली दोन आकडे. दोन अठ्ठेचाळीस. तीन बावीस. दुसऱ्याभोवती गोल.

रुळांच्या खटक्यावरून गाडीचा वेग सांगणारा माणूस. मी फरशीवर बसलो आणि त्या दिवशीचे हलणारे खांदे आठवून मला इतकं हसू आलं, की डोळे पुसावे लागले. सगळं माहीत होतं थेरड्याला. माझ्या प्रत्येक थापेला तो मनातल्या मनात मार्क देत उभा होता, आणि वर मला पाच आठवडे घराबाहेर काढलं. खोडी काढावी तर अशी. आणि आंटीला छत्तीस वर्षांत पत्ता नाही.

स्वयंपाकघरातून काठीचा आवाज येत होता. मी घाईनं कागद मिटला, पुली मुठीत धरली. आंटी दारात येऊन थांबली. उलट्या मशीनकडं बघितलं, माझ्या मुठीकडं बघितलं.

"डिगी," ती म्हणाली, "ती पुडी होती तिथंच चिकटव. मला पहिल्यापासून माहीत होतं, हे डेस्मंडला अजूनही कळायला नको."